रिमोट सोडून बाकी सगळं

मी, खाली सही करणारा, सिनेमाच्या डिस्क भाड्याने देण्याचं दुकान चालवलेला माणूस, माझ्यामागे काय कोणाला जावं हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. शाळा अर्धवट सुटली, म्हणून शुद्धलेखन वकीलबाईंनी तपासलं. मजकूर माझा आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. छातीत धडधडतं, पण ते लहानपणापासूनच. कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणायला घरी कोणी यावं तर लागतं.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. शेगडीचं डावीकडचं बटण बंद केल्यासारखं वाटतं, पण झालेलं नसतं. बाहेर पडताना परत जाऊन बघावं.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. मुलाने तोंड वाकडं करू नये. माझं डिस्क लावायचं चांगलं यंत्र, मी दवाखान्यात असताना, न विचारता त्याने भंगारवाल्याला दिलं. जागा मोकळी केली म्हणाला. त्याचा वाटा त्याने तेव्हाच उचलला, असं मी धरतो.

३. जमिनीवर ठेवायचा मोठा स्पीकर खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना. माझ्या घरी सिनेमात वीज कडाडली की ते झाडूच्या दांड्याने छत ठोकत. असा आवाज फक्त धंद्याच्या सुरुवातीला निघालेल्या पहिल्या डिस्कांनीच दिला. कपाटाच्या काचा थरथरायच्या. आता त्यांनी तो स्वतःच्या खोलीत लावावा आणि छत कोणी ठोकतं का ते बघावं.

४. आता मुख्य गोष्ट. जास्त स्वच्छ चित्राच्या डिस्क निघाल्या तेव्हा त्या दोन जातींच्या निघाल्या. एका जातीची डिस्क दुसऱ्या जातीच्या यंत्रात चालत नसे. दुकान माझं आणि धाकट्या भावाचं. तो म्हणाला, ती घेऊ; मी म्हणालो, ही. मी आवाजाची, चित्राची, किमतीची कारणं दिली. तो ऐकेना. दुकानाच्या मध्ये प्लायवुडची भिंत घातली. पुढे माझी जात बंद पडली, त्याची चालली. गिऱ्हाईक भिंतीपलीकडे हसायचं आणि तो त्यांना चहा पाजायचा. वर सगळ्या नात्यात सांगत सुटला, दादाला धंद्यातलं काही कळत नाही.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही, ते इथे लिहितो. माझी बायको सिनेमावाल्यांकडे कपडे शिवायला जायची. तिचा एक सिनेमा फक्त माझ्या जातीच्या डिस्कवर आला होता. सोबतच्या जादा भागात, सिनेमा कसा केला ते दाखवतात तिथे, ती आहे. शिवणयंत्रापुढे बसली आहे, तोंडात टाचण्या.

त्या जादा भागाची प्रत मात्र रद्दी. सिनेमात नटाच्या नाकावरचा घाम मोजून घ्यावा इतकं स्वच्छ चित्र, आणि माझी बायको जुन्या टीव्हीवर असावी तशी धुरकट. आवाजही पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा. पैसे सगळे नटावर खर्च केले, दुसरं काय. पण ती काय म्हणते ते कळतं. टाचण्या काढून म्हणते, "आमचे हे पडद्यावरचं तुटलेलं बटणसुद्धा ओळखतात. मी केस कापले, ते त्यांना अजून कळलेलं नाही." आणि हसते.

ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. मुलगा म्हणाला, बाबा, आता सगळं फोनवर मिळतं. म्हटलं, शोध. सिनेमा सापडला, जादा भाग पुढे कोणी घातलाच नाही. त्याने विचारलं, "एवढ्याशा तुकड्यासाठी जीव टाकताय?" त्यानंतर मी त्याच्याशी हा विषय काढलेला नाही.

५. ती डिस्क माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. माझ्याकडे उरलेलं यंत्र ती आत घेतं आणि नुसतं घरघरतं. चांगलं यंत्र भंगारवाल्याकडून माझ्या भावानेच उचललं. डिस्कवर कोण आहे ते त्याला मुलीने सांगितलं असावं. मला फोन केला. "दादा, मशीन चालू केलंय. डिस्क घेऊन ये, वहिनीला बघू." मी म्हणालो, "मशीन माझं आहे. तूच घेऊन ये." तो आला नाही. मी गेलो नाही. त्यालाही आता जिने चढवत नाहीत, असं ऐकतो.

६. सबब ती डिस्क मी धाकट्या भावाला देतो. अट एकच. मी गेल्याचं कळल्यावर तो येईलच. येताना त्याने यंत्र आणावं आणि माझ्याच टीव्हीला जोडावं. मुलाने समोर बसून पूर्ण तुकडा बघावा, मध्ये उठू नये. मग दोघांनी डिस्क आणि यंत्र घेऊन जावं, भावाच्या घरी ती दोन्ही एकत्र राहावीत.

भावाला जन्मभर एक खोड आहे. टीव्ही दिसला की तो शार्पनेस शेवटापर्यंत वाढवतो. त्याने धुरकट चित्र स्वच्छ होत नाही, नुसत्या कडा पांढऱ्या होतात आणि माणूस कागदातून कापल्यासारखा दिसतो. तिचा चेहरा आहे तसा राहू द्यावा.

या सगळ्याची अंमलबजावणी मुलीने करावी. याआधी काही लिहिलं असल्यास ते रद्द.

साक्षीदार: औषधांच्या दुकानाचे मालक (सही)
साक्षीदार: समोरच्या दारातल्या परिचारिकाबाई (सही)
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच

सहीनंतर आठवलं म्हणून, साक्षीदारांसमोरच: भाऊ आला की त्याला माझी खुर्ची द्यावी, त्याचे गुडघे दुखतात. रिमोट मुलीच्या हातात ठेवावा. (पुन्हा सही)