टीव्हीच्या कोपऱ्यातले हिरवे बाबूजी

१२ ऑक्टोबर १९८६, दसरा
मिलमध्ये मशीनची पूजा झाली. धानातले खिळे पकडायचा बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वेळचा लोहचुंबक काढून नवा बसवला. जुना घरी आणला, हळदकुंकू लावून रंगीत टीव्हीवर बाबूजींच्या फोटोसमोर ठेवला. कल्पना माझीच. बायको, चंद्रकांता, म्हणाली शोभून दिसते. संध्याकाळी बातम्यांत उजव्या कोपऱ्यात हिरवा डाग. स्टेशनचा दोष असावा.

१३ ऑक्टोबर
रंगाचं बटण फिरवलं. बातम्यांची बाई जांभळी झाली, डाग हिरवाच. मी आयटीआय झालेला माणूस. उद्या पंधरा मिनिटांत काढतो.

१५ ऑक्टोबर
दोन तास छपराच्या कवेलूवर बसून अँटेना फिरवला. सात कवेलू फुटले. शेजारच्या शकुनबाई आत टीव्हीसमोर बसून डाग आला, डाग गेला सांगत होत्या. मग म्हणाल्या, हा डाग नोहे जी, टोपीवाला माणूस बसून राहिला. चंद्रकांतानं लगेच पडद्यावर टॉवेल टाकला. बाबूजी टोपी घालत. मी हसलो. जरा जास्तच वेळ हसलो.

१७ ऑक्टोबर
भूतबित मी मानत नाही. फक्त जेवताना टीव्हीकडे पाठ करतो. खुर्ची कुठंही ठेवा, डागाचं तोंड माझ्याकडेच. जूनमध्ये बाबूजी गेले तेव्हा मी नागपूरला होतो, हाच टीव्ही आणायला. एसटी उशिरा आली. माझा काय दोष?

२० ऑक्टोबर
नारळ फोडला. डाग आणखी ठळक. चंद्रकांता म्हणते, विकून टाका, नाही तर मी आसगावले मायच्या घरी चालली. म्हणालो, चार दिवस दे, टेक्निकल बाब आहे.

२४ ऑक्टोबर
एसटी उशिरा आली नव्हती. वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. नागपुरात टीव्हीच्या दुकानात मिलमधून फोन आला होता. बाबूजी तुमाले बोलावून राहिले, लवकर या म्हणे. निघालो म्हणालो. तेवढ्यात दुकानदारानं टीव्ही लावून दाखवला. तळ्यातली कमळं होती. दीड तास पाहत बसलो. तेव्हाच निघालो असतो तर भेट झाली असती. मला लाज वाटते.

२६ ऑक्टोबर
चंद्रकांता बाजारात गेली होती. डागासमोर बसून सगळं सांगितलं, कमळांसकट. बाबूजींनी मध्ये तोडलं नाही. जिवंतपणी माझं एक वाक्य पूर्ण होऊ देत नसत. खूप मोकळं वाटलं. आता रोज सात वाजता बसायचं.

२९ ऑक्टोबर
मिलचा पट्टा तुटला ते सांगितलं. मग हिंमत करून विचारलं, माफ केलं का? डाग हलला. व्होल्टेज कमी झालं होतं, तरी हलला. उद्या स्पष्ट उत्तर घेतो.

३० ऑक्टोबर
मिलवरून आलो तर घरात रेडिओवाला तुलाराम. चंद्रकांतानं परस्पर बोलावलेला. त्यानं टीव्हीवरचा लोहचुंबक उचलला आणि विचारलं, हे कोनं ठेवलं जी? चंद्रकांता माझ्याकडे पाहत राहिली. चुंबकानं पडद्याचे रंग बिघडतात म्हणे. तारेचं एक वेटोळं तो पडद्यासमोर गोल गोल फिरवू लागला. डाग लहान होत गेला. मी थांब म्हणालो. त्याला वाटलं, मला शॉकची भीती वाटून राहिली. म्हणाला, काही होत नाही, मांगं सरका. दोन मिनिटांत आटोपलं.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
रंग एकदम बरोबर. शकुनबाई येऊन पाहून गेल्या. चंद्रकांता खूष, आसगाव रद्द. सात वाजता सवयीनं खुर्ची ओढली आणि नवा पट्टा बसवल्याचं सांगू लागलो. चंद्रकांता आतून म्हणाली, कोनासंग बोलून राहिले जी? म्हणालो, कोणाशी नाही.
कोपऱ्यात खरंच कोणी नव्हतं. तरी बातम्या संपेपर्यंत उत्तराची वाट पाहिली.