म्हशीची वाट

आबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच काही लिहितोय. आपल्या घराचा पुढचा सोपा पाडला. मागच्या खोल्या आहेत अजून. मी घरामागं परड्यात म्हशीजवळ बसलोय, तर ती कागदच खायला बघतीय.

तुम्ही होता तेव्हा परड्यात जायला दुसरी वाट नव्हती. म्हशी पुढच्या दारानं आत यायच्या, सोप्यातून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला घासून मागं जायच्या. तुम्ही पुढं, हातात दावं, "सरका, मालकीण आली!" आई पटकन पिठाची परात उचलून घ्यायची. एकदा वर्गातली पोरं घरी आलेली, आणि त्यांच्यासमोरच म्हशीनं सोप्यात शेणाचा पो टाकला. पोरं हसली. मी चिडून म्हणालो, "हिला घरातनं कशाला आणता?" तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "ती दूध देती. तू काय देतोस रं?" आणि मग त्याच पोरांना तिथंच धार काढून दूध पाजलंत. सगळ्यात मोठा पेला मला.

पुढं मी कुठंच टिकलो नाही. आजऱ्याला काजूच्या कारखान्यात होतो, तिथं सोलून सोलून बोटं अशी काळी पडतात की... ते राहू दे.

दादा नवं घर बांधतोय. जागा अरुंद. पुढून परड्यापर्यंत बोळ ठेवला तर म्हस राहते, तिथं जिना घेतला तर ती विकायची. दादा आईला म्हणाला, "बघणार कोण तिचं? तुला गुडघ्यानं उठवत न्हाई." आईनं मला विचारलं, "तू ऱ्हाणार का?" मी म्हणालो, "ऱ्हातो की." तेवढ्यावर ती दादाशी भांड भांड भांडली. आज सकाळी गवंडी आखणीला चुन्याची फक्की घेऊन आला. "काकी, जिना का बोळ?" "बोळ! धाकटा ऱ्हाणार हाय आता." एवढ्या मोठ्यांदा म्हणाली, की शेजारणीनं खिडकी उघडली. गवंड्यानं बोळाची पांढरी रेघ ओढली. दोरीचं एक टोक मीच धरलेलं.

आबा, सोमवारपासून गोव्यात एका हॉटेलात कामाला येतो, असं मी परवाच फोनवर सांगून बसलोय. आईला बोललो नाही. तुम्हाला सांगणं सोपं, तुम्ही उलट विचारणार नाही. पायाच्या पूजेला ती हाका मारतीय, नारळ धाकट्याच्याच हातनं फुटायला पाहिजे म्हणतीय. आणि खरं सांगू, मी जाऊन फोडणार आहे.