म्हशीवरचं कुलूप

३ सप्टेंबर
आले बाई एकदाची! आत्याने शेवटपर्यंत नाक मुरडलं, मोटरी खोलायला कॉलेजात कशाला जायचं म्हणे. आईने मात्र मुकाट्याने बॅग भरून दिली आणि रोज फोन कर एवढंच बजावलं. आमच्या कोर्सचं नाव उच्चारता उच्चारता दम लागतो: इलेक्ट्रोमेकॅनिकल. अर्धी वीज, अर्धं यंत्र. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आणि ऑइलचा असा वास, की मला पहिल्या मिनिटाला आवडला! फोन दारातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे लागतात. ही वही मात्र एप्रनच्या खिशात बरोब्बर मावते.

कोपऱ्यात खोकी भरण्याचं एक अवाढव्य जुनं मशीन बसलंय, बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं. काळं, रुंद, ढिम्म. मुलं त्याला म्हैस म्हणतात. दुरुस्तीसाठी वाकून आत शिरायला बाजूला एक बुटकं दार आहे. माझी जोडीदारीण हातभर उंचीची, पण तोंड मिटेल तर शपथ. तिचं नाव मी चिमणी ठेवलं, ते तिलाही पटलं.

६ सप्टेंबर
आज सरांनी प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलं. चावी एकच, तिच्यावर ज्याचा त्याचा आकडा कोरलेला, जोडीला कोरा टॅग. मशीनच्या आत शिरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, टॅगवर आपल्या हाताने नाव लिहायचं आणि खाली लिहायचं: आत आहे. बाहेर आलं की ज्याचं त्यानेच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मग जग इकडचं तिकडे होवो. कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे, हे सरांनी आमच्याकडून शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून घेतलं. दुपारी चिमणीने माझ्या जेवणाच्या डब्यालाच कुलूप ठोकलं आणि टॅगवर लिहिलं, ‘भाजी आत आहे’. मेली!

१० सप्टेंबर
म्हशीच्या स्विचलाही एक लाल कुलूप आहे. टॅग उन्हाने पार पांढरा पडलाय. कुणाचं, ते कुणालाच माहीत नाही. सर आले तेव्हापासून ते तिथेच आहे. प्राचार्यांनी दोनदा कापायला सांगितलं, पण सर हटून बसले. ज्याचं आहे तो सापडेपर्यंत कापणार नाही, नियम म्हणजे नियम. चिमणी म्हणाली, मालक अजून आतच असेल, बिचाऱ्याला भूक लागली असेल. आम्ही पोट धरधरून हसलो.

१२ सप्टेंबर
आज मी हिरो! सर चहाला गेले होते. चिमणी म्हणाली, हिंमत असेल तर तुझी चावी लावून बघ. मी लावली. टक्! उघडलं की हो! पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर आले आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांनी चावी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, कंपनी एकच, जुळली असेल एखादी. आता निघालंच आहे तर मशीन चालवून बघू.

त्यांनी बुटक्या दारातून आत डोकावून पाहिलं, कुणी नव्हतं. म्हैस सुरू झाली. लगेच आतून ठोकल्याचा आवाज आला, ठक ठक ठक, घाईघाईने. कुणीतरी दार वाजवावं तसा. मग काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि मशीन बंद पडलं. सर म्हणाले, पाइपात हवा असणार. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा.

१३ सप्टेंबर
जेवण गेलं नाही. काढलेलं कुलूप ड्रॉवरमध्ये पडलंय. मी टॅग खिडकीशी तिरपा धरला. शाई गेली आहे, पण पेनाचे वळ उरलेत. नाव लागत नाही. खालचं लागतं. आत आहे.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, नव्या जागी जीव घाबरतो, नीट जेव.

१६ सप्टेंबर
पुन्हा ठक ठक ठक. म्हैस बंद असताना! हळू, दमल्यासारखं. चिमणीला काहीच ऐकू येत नाही. ती आता थट्टाही करत नाही, नुसती बघत राहते.

मी कुणाचं तरी कुलूप काढलंय. माझ्या हाताने.

१७ सप्टेंबर
म्हशीचा खोकी सरकवणारा पट्टा कुठे अडकलाय ते बघायला कुणीतरी आत जायचं होतं. मीच हात वर केला. मला बघायचंच होतं. स्विच बंद, माझं कुलूप, माझं नाव, आत आहे. सगळं नियमाने केलं. सर शेजारी उभे होते. चिमणीने अंगठा वर करून ‘जा’ अशी खूण केली.

आत कुणी नव्हतं. फक्त एक एप्रन, पट्ट्यात ओढला गेलेला. खिशात चावी. चावीवरचा आकडा माझाच.

मागे वळले. दार –

तारीख माहीत नाही
दार नाही. रांगते आहे. म्हैस एवढी लांब नाही, बाहेरून मी पाहिली आहे, एवढी लांब नाही –

एका फटीतून वर्कशॉप दिसतं. हाका मारून घसा बसला. पान्याने ठोकते. सर मुलांना सांगतात, पाइपात हवा असते.

नंतर
डब्यात माझा फोन वाजायचा. आई असणार. आता वाजत नाही. आई गं.

स्विच दिसतो. कुलूप दिसतं. टॅगवर ऊन येतं. नाव फिकट झालंय.

नंतर
चिमणीशेजारी दुसरीच मुलगी बसते. चिमणी तिला माझ्याबद्दल सांगेल म्हणून मी कान लावून होते. काही सांगितलं नाही. तिला मी आठवतच नाही.

नंतर
प्राचार्य आले होते. कुलूप कापा म्हणाले. सर म्हणाले, कुणाचं आहे माहीत नाही, पण कापणार नाही. मी रडले. सर, हटून बसा. असेच बसा. तेवढं एकच आहे माझ्याकडे.

आज
टॅग पांढरा. सर चहाला गेलेत. ती नवी मुलगी चिमणीला काहीतरी म्हणते आहे, हसते आहे. हिंमत असेल तर –

चिमणी खिशात हात घालते आहे. चावी

ठोकते आहे. जोरात ठोकते आहे. तिने इकडे बघितलं! बघितलं, आणि म्हणाली, पाइपात हवा –

चिमणे, नको गं. माझं आहे ते. मी आत आहे. मी आ

टक्