एकसारखे थेंब

सोमवार
आलो बुवा एकदाचा! ताईकडे माळ्यावरची खोली मिळाली, भरपूर उन्हाची. भावजींच्या वशिल्याने नोकरीही. काम म्हणाल तर पोरखेळ. बिस्किटाएवढी काचेची चकती, तिच्यात केसाहून बारीक वाटा कोरलेल्या. मधल्या वाटेने राळेसारखा द्रव येतो, दोन्हीकडून तेल त्याला चिमटा काढतं, की सुटला थेंब. सगळे एका मापाचे. पुढे जांभळ्या दिव्याखाली गेले की त्यांचे टणक मणी. याला आमच्या प्रयोगशाळेची मुख्य बाई शास्त्र म्हणते! सर्कशीत मी उंटाची दाढ काढताना पाहिलीय, ते शास्त्र. असो.

शेजारी घुम्या बसतो. कामाच्या खोलीतही काळा चष्मा, हातमोजे, कॉलर कानापर्यंत. बोलत नाही. शुंभ.

बुधवार
चकती तुंबली. बाई म्हणे, पंप हळूहळू मोकळी करेल, धीर धर. धीर धरायला मी काय बगळा आहे? नळी तोंडात धरली आणि ओढली. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा डिझेल असंच ओढायचो. वाट मोकळी! घोटभर द्रव पोटात गेला, गोडसर होता. घुम्याच्या हातून ट्रे पडला. पहिल्यांदाच तोंड उघडलं त्याने. म्हणाला, मीही ओढली होती. आता उन्हात जाऊ नकोस, तो द्रव उजेडाने गोठतो. मी म्हटलं, मग तुला बरणीत घालून ठेवू का? रात्री जेवताना सांगितलं तर भावजी हसहसून बेजार.

शुक्रवार
चूळ भरली. थुंकी पसरेना. नुसते थेंब, एकसारखे, एकमेकांत मिसळेनात. खिडकीतलं ऊन बेसिनवर आलं आणि ते टिचटिच वाजायला लागले.

पित्त असेल.

सोमवार
डोळ्यांतून पाणी येतं, तेही मण्यांसारखं ओघळतं. उजवा हात उन्हात राहिला होता. बोटं मिटत नाहीत. डाव्याने लिहितोय.

घुम्या आला नाही. बाई म्हणाली, काल गुदमरला म्हणून खिडकी उघडून उभा राहिला. उचलताना अंगातून खुळखुळ्यासारखा आवाज येत होता म्हणे.

भावजी हसले नाहीत.

मंगळवार
खिडकीचा पडदा ओढलाय. दाराच्या फटीतून येतो तेवढाच उजेड. आत ऐकू येतं — थेंब — थेंब — एका मापात. अजून ओले आहेत. ओले आहेत तोवर मी आहे.

जीभ वळत नाही. पडदा उघडू नका, असं लिहून चिठ्ठी दाराखालून सरकवली, ती जिन्यावरून खाली गेली. ताई खालून ओरडली, हे काय कोंबडीचे पाय काढलेस, जन्मात धड अक्षर आलं नाही तुला.

बुधवार
ताई जिना चढतेय. तोंडाचा पट्टा चालू. घुबडासारखा कोंडून बसलाय म्हणे, दोन दिवस अंगाला ऊन नाही, मग आजारी पडेल नाहीतर काय —

दार — माझ्याकडे बघतही नाही — सरळ खिडकीकडे —

ताई प