तिसऱ्या ट्रॅकवरचं कडवं

१२ सप्टेंबर, सोमवार

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघूनच फाडू नकोस, निदान आईचा मजकूर येईपर्यंत वाच. अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यात आता हात कापतो. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला. तिला बोलू नकोस, ती देत नव्हती, मीच दारातून हललो नाही.

इकडे सर्व ठीक. म्हणजे नळ गळतो, आणि माझा डावा कान पार गेला. लेथमशीनपाशी चाळीस वर्षं काढल्यावर कान कशाला राहतील? ठीक लिहायची सवय म्हणून लिहिलं. ठीक नाही. तुझी आई तीन आठवडे अंथरुणाला खिळून आहे. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी विचारलं, कधीपर्यंत? ते कागद चाळत म्हणाले, "लवकर."

आता दुसरं. ती टेप मी फेकली नव्हती.

लिहिलं एकदाचं. संगीताच्या शाळेला पाठवायची तुझी टेप. फेकली म्हणून तुला सांगितलं, तुझ्या आईलाही तेच, आणि चोवीस वर्षं माझ्या हत्यारांच्या पेटीत कानसांखाली ठेवली. फेकायला हात धजला नाही, द्यायला तोंड नव्हतं. तू घर सोडलंस तेव्हाही ती तिथेच होती.

मागच्या आठवड्यात आई म्हणाली, "तिचा आवाज ऐकायचा होता." मी टेप खिशात घातली आणि निघालो. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक स्टुडिओ आहे. एक खोली, भिंतींना स्पंज, आत लोकरी टोपी घातलेला एक माणूस. भर उकाड्यात टोपी, म्हणून मी त्याला टोपीवालाच म्हणतो. पाटीवर 'मिक्सिंग-मास्टरिंग' होतं, तेच मागितलं. मिक्सर मला स्वयंपाकघरातला ठाऊक, आणि मास्टरिंग म्हणजे कुणी मास्तर तपासून मार्क देत असेल असं वाटलं. तसं विचारलंही. तो एवढा हसला! "काका, इथे मास्तर मीच, आणि नापास होणाराही मीच."

मग त्याने नीट समजावलं. तू घरी गाणं भरलंस त्या चार ट्रॅकच्या, म्हणजे आवाज वेगवेगळे ठेवणाऱ्या यंत्रावर गिटार एकीकडे, टाळ्या दुसरीकडे, गाणं तिसरीकडे भरलेलं. कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे घ्यायचं, कुणी कुणाला तुडवायचं नाही, हे बघणं म्हणजे मिक्सिंग. ते झालं की सगळं एकजीव करून शेवटचा हात फिरवायचा, मोठ्या स्पीकरवर काय नि फोनवर काय, सारखं वाजावं म्हणून. ते मास्टरिंग. "त्यानंतर एकट्यादुकट्याला हलवता येत नाही. काय भांडायचं ते मिक्सिंगमध्ये भांडून घ्या."

तिसरा ट्रॅक लावला. एका माइकसमोर तुम्ही दोघी, तू आणि आई. शेवटचं कडवं सुरू होतं न होतं तोच मी. "बंद करा हा तमाशा! घर आहे की थेटर?" ठकू, मला कुठे बघावं कळेना.

म्हटलं, "हा आवाज काढा."

"निघायचा नाही, काका. तिघंही एकाच माइकमध्ये आहात."

"मग मागे घ्या."

त्याने बटण सरकवलं. "घेतला." तरी ऐकू येतच होता. मला वाटायचं, मागे घेतलं म्हणजे संपलं. त्याच्याकडे मागे घेतलेला आवाज नुसता मागे जाऊन बसतो.

आणि मग तोच म्हणाला, "थांबा. मागे अजून कुणीतरी आहे."

त्याने टेपची घरघर कमी केली आणि हेडफोन माझ्या उजव्या कानाला दाबून धरला. दार आपटलं, तो मी. खुर्ची पडली, ती तू. त्यानंतर तुझा आवाज नाही. पण तुझी आई आहे. एकटी. माझ्या ओरडण्याच्या खालून तिचं कडवं सुरूच आहे, आणि आपण दोघे गेल्यावर रिकाम्या खोलीत तिने ते शेवटपर्यंत म्हटलंय. हळू, कापऱ्या आवाजात, पण एक शब्द गाळलेला नाही.

घर सोडताना तू तिला म्हणालीस, "तूही गप्प बसलीस." मी पलीकडच्या खोलीत होतो, ऐकलं होतं. ती गप्प बसली नव्हती गं. गप्प मी बसलो, टेप दाबून.

काल तिला सगळं सांगितलं. वाटलं, तोंड फिरवेल. तिने विचारलं, "चोवीस वर्षं? कानसांखाली?" एवढंच. मी विचारलं, मग तू गप्प नव्हतीस हे पोरीला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तिने विचारलं कुठे? ऐकवून गेली." मग डोळे मिटले. झोपली असं समजून मी उठलो, तर म्हणाली, "अहो, त्यात माझा सूर लागलाय का?"

मी बहिरा, मला काय कळणार?

"मग तिला विचारा. तिला कळतं."

टोपीवाला म्हणतो, दोनच वाटा आहेत. शेवटचं कडवं कापून गाणं आधीच संपवायचं, नाहीतर माझ्या ओरडण्यासकट ठेवायचं. मी आधी कापा म्हणालो होतो. लाजेने. आज सकाळी जाऊन सांगितलं, कापू नका. तो म्हणाला, गाणं मुलीचं आहे, तिला येऊ द्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तो मास्टरिंगला हात लावणार नाही. डॉक्टरांनी मात्र असा कुठलाच वार सांगितलेला नाही.

मी माफी मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. तू येशील तेव्हा मी घरात थांबणार नाही, समोरच्या बाकावर बसेन. तू आणि ती, दोघींनीच ऐका. आणि सूर लागला नसला तरी लागलाय म्हण. नाही, तसं नको. तिला खोटं चालत नाही, खरं काय ते सांग.

रागावूनच ये, पण ये.

बाबा