डावीकडची चार बोटं

प्रिय ढब्बू,

जाडजूड पाकीट बघून दचकू नकोस. गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. हे सगळं फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं, पण तू आपला नेहमीसारखा, बरं आहे, ठेवतो म्हणून मोकळा होतोस आणि माझी जीभ काही रेटत नाही. म्हणून लिहिते आहे. कामावरून येऊन, हातपाय धुऊन, निवांत बसून वाच. बायकोलाही वाचायला दे. लपवालपवी आपल्या घरात पुष्कळ झाली, आणि ती सगळी मीच केली.

तुला आमची वर्तमानपत्रातली फोटोंची खोली आठवते ना? शाळा सुटली की दप्तर आपटत यायचास आणि खालून दिवा लागणाऱ्या त्या काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून पांढऱ्या डोळ्यांची भुतं बघत बसायचास. टेबल अजून आहे, कुणी वापरत नाही. त्यावर आता संपादकांच्या चहाचे कप असतात. फोटो कुठे कापायचा हे तेव्हा मी लाल पेन्सिलीनं खूण करून सांगायचे. बाकीचे पट्टीनं मोजत, मी बोटांनी. वरून दोन बोटं, उजवीकडून तीन. आमचे फोटोवाले काका वैतागायचे. या बाईनं बोटांनी माझी अर्धी माणसं मारली, असं सगळ्यांना सांगत फिरायचे. तेव्हा आम्ही सगळे हसायचो. लष्करात भरती व्हायला निघालास तेव्हा अर्जावरचा तुझा फोटो त्यांनीच काढला होता. तुझ्या शर्टाची कॉलर चुरगळलेली म्हणून स्वतःचा शर्ट काढून तुला घातला आणि आपण बनियनवर उभे राहिले.

आता त्या दिवसाचं सांगते. तुझी लष्करात दोन वर्षं झाली होती, साहेबांची जीप तूच चालवायचास. दुपारी लष्कराचं पत्रक आलं, डोंगरउतारावर चौदा सशस्त्र माणसं मारली म्हणून. काका पहाटेच मोटरसायकल घेऊन तिकडे गेले होते. तीनच्या सुमारास परत आले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. म्हणाले, कसली सशस्त्र, गावाचा पाण्याचा पाइप फुटला होता, तो दुरुस्त करायला गेलेली माणसं होती ती. फिल्म माझ्या हातात ठेवली आणि जखमींना बघायला इस्पितळात निघून गेले.

फिल्म धुऊन आली आणि मी ती काचेवर ठेवली. चौदा माणसं ओळीनं निजवलेली. शेजारी फावडी, कुदळी, पाइपाचे तुकडे. एकाच्या उशाशी जेवणाचा डबा, झाकण लावलेलं. डाव्या कडेला गावाचं नाव रंगवलेली पाण्याची टाकी, टाकीपुढे तुझे साहेब उभे, हातातल्या छडीनं एक फावडं उलटवून बघताहेत. आणि त्यांच्यामागे जीपला टेकून तू. टोपी काढून हातात घेतलेली. तू सरळ कॅमेऱ्याकडे बघत होतास, ढब्बू. भिंतीआड दडलेले काका फक्त तुला दिसले होते, आणि तू कुणाला सांगितलं नव्हतंस.

डोळ्यांपुढे आई आली. हा फोटो असाच छापला तर माझ्या भावाचं काय करतील ते, एवढाच विचार डोक्यात. ती चौदा माणसं आली नाहीत डोक्यात, खोटं कशाला बोलू? मी लाल पेन्सिल घेतली आणि डावीकडून चार बोटं कापली. तू गेलास, साहेब गेले, टाकी गेली. उरली नुसती माती, माणसं आणि त्यांची फावडी, तेवढंच छापायला गेलं. मग निगेटिव्हची पट्टी मी जुन्या पाकिटात घातली. आमच्याकडे पाकिटावर जे लिहिलं असेल त्याच कप्प्यात ते जातं, उघडून कुणी बघत नाही. त्यावर लिहिलं होतं, शहर पाणीपुरवठा, किरकोळ.

दुसऱ्या दिवशी तुझ्या साहेबांनी पत्रकारांना बोलावलं. आपण त्या सकाळी मुख्यालयात होतो, त्या जागी पाऊलही टाकलेलं नाही, मेलेल्यांजवळ बंदुकाच होत्या, आणि हा फोटो कुठला कोण जाणे, फावडी मागाहून ठेवली असणार, असं म्हणाले. गावचे लोक ओरडून सांगत होते, पण त्यांच्या हातात होतं काय? काकांनी निगेटिव्ह मागितली. मी त्यांच्याबरोबर दोन तास कपाटं उपसली रे! बरोबरीनं धूळ खाल्ली, मिळत नाही म्हणून हळहळले. आठवड्यानं आतल्या पानावर चार ओळींची दिलगिरी छापून आली. काकांनी नोकरी सोडली आणि पुढे आयुष्यभर एका गाळ्यात पासपोर्टचे फोटो काढले. मेलेल्यांच्या घरच्या बायका एकदा कचेरीत आल्या होत्या, तो अर्धा फोटो हातात घेऊन जिन्यात बसल्या होत्या. मी मागच्या जिन्यानं घरी गेले.

पुढच्या महिन्यात तू सुट्टीवर आलास. कात्रण कितीतरी वेळ बघत बसलास आणि मला एवढंच विचारलंस, काकांनी आणखी काही काढलं नव्हतं का? मी म्हटलं, नाही. मला वाटलं तू घाबरला आहेस, तुझा जीव भांड्यात पडेल. तू कात्रणाची घडी घातलीस आणि अंगणात जाऊन बसलास. वर्षभरात लष्कर सोडलंस. आज गावभरच्या गाड्या दुरुस्त करतोस, पण स्टिअरिंगला हात लावत नाहीस, लेकीला शाळेत सोडायलासुद्धा बायको स्कूटर काढते. आम्ही तुझी थट्टा करायचो. तेव्हा तुला काय हवं होतं, हे कळायला मला अठरा वर्षं लागली. मी मूर्ख, दुसरं काय!

काका गेल्या वर्षी वारले, ते तुला कळवलं होतं. त्या गावाचं प्रकरण आता पुन्हा उघडलं आहे. चौकशी समितीपुढे साहेबांनी तेच सांगितलं, मी तिथे नव्हतो. येत्या शुक्रवारी शेवटची सुनावणी, मग कायमचा पडदा. आमची एक वार्ताहर आहे, चिवट बाई, हात धुऊन मागे लागते. ती काकांच्या घरी जाऊन त्यांची वही घेऊन आली. कुठला फोटो कुठे काढला ते काका रोज लिहून ठेवायचे. ते पान तिनं माझ्यापुढे धरलं. बाविसावा फोटो, त्यापुढे काकांचं बारीक अक्षर: टाकी, मोठे साहेब, ताईंचा भाऊ. त्याखाली: निगेटिव्ह ताईंकडे. मागायची नाही.

त्यांना ठाऊक होतं, ढब्बू. माझ्याबरोबर कपाटं उपसताना नसेल, पण नंतर कधीतरी कळलं, आणि त्या देवमाणसानं मरेपर्यंत स्वतःला खोटारडा म्हणवून घेतलं. मी तिथेच, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडले. मग उठले आणि पाणीपुरवठ्याचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. काय केलं ते संपादकांनाही सांगितलं. निवृत्तीला पाच महिने राहिलेत. त्याआधी काढून टाकलं तर टाकू देत, माझी तक्रार नाही.

अख्खा फोटो गुरुवारी पहिल्या पानावर येतोय. काकांची माफीही मागणार आहेत, माझ्या नावानिशी. साहेब दिसतील, टाकी दिसेल, ते आता कुणाच्या हातात नाही. संपादकांनी फक्त विचारलं, ड्रायव्हरचा चेहरा पुसट करायचा का? मी म्हटलं, बुधवार दुपारपर्यंत थांबा. त्यासाठीच हे पत्र. तेव्हा मी तुला न विचारता कापलं होतं, आता विचारते आहे. चेहरा दाखवू नका म्हणालास तर तुझं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही, आणि माझी माया तसूभरही कमी होणार नाही. दाखवा म्हणालास तर शुक्रवारी समितीपुढे मी तुझ्याशेजारी बसेन, दुखरा गुडघा घेऊन. काय ते घरच्यांशी बोलून ठरव. सोबत एक प्रत ठेवली आहे. काकांनी आणखी काही काढलं नव्हतं का, असं तू विचारलं होतंस ना? काढलं होतं रे. तू आहेस त्यात.

तुझीच,
ताई