मागच्या पायाचा कॅन

६ एप्रिल २००४

मंडप उडाला! वावटळ आली आणि माझा घडीचा मंडप उठून गिऱ्हाइकाच्या जीपवर आदळला. काच फुटली. मी दुरुस्ती करत जीपखालीच होतो. जीपचा मालक म्हणाला, "नवनाथभाऊ, परत असं झालं तर गाडी मंचरला नेईन." एक गिऱ्हाईक गेलं की मागोमाग दहा जातात.

घरी आई म्हणाली, "मंडपाचं काय खरं? दुकानामागं सावलीला लिंब लाव." रस्ता रुंद होणार, उद्या तोडायला झाड लावू का? — ओरडलोच तिच्यावर.

७ एप्रिल

मुरमात खुंटी शिरत नाही. वीस लिटरचे चार कॅन आणले, पाण्याने गच्च भरले, एकेका पायाला बांधले. आता ये म्हणावं वाऱ्याला.

संध्याकाळी मंडप घडी करून घरी. कॅन तिथेच.

९ एप्रिल

मागच्या पायाचा कॅन अर्धा. बूच घट्ट, भोक कुठेच नाही. कोणीतरी पाणी काढतंय. पुन्हा भरला.

१० एप्रिल

आजही तेच. शेजारी भरतचं पंक्चरचं दुकान. ट्यूब बुडवायचा त्याचा टप सकाळीच काठोकाठ — आणि नळ दिवसाआड!

वर मलाच म्हणतो, "राव, पाण्यापरीस वाळू भरा, हलनार न्हाई." चोरच उपाय सांगायला लागला की त्याच्यावर कोण संशय घेणार? पक्का आहे.

१२ एप्रिल

दुकानामागे बोरीच्या काट्या टाकल्यात कोणीतरी. मी मागून येऊन पाळत ठेवू नये म्हणून. दुसरं कोण?

१४ एप्रिल

जयंती. दुकान बंद. आई पांढरं लुगडं नेसून पहाटेच बाहेर पडली, विहारात झाडलोट करायला म्हणे. मी झेंडे लावले.

भरत कालपासून सासुरवाडीला, निरगुडसरला. तरी कॅन अर्धा! निरगुडसर काय लांब आहे? मनात आणलं तर सायकलवर येईल माणूस.

१५ एप्रिल

दुपारी कॅन भरायच्या आधीच वारा सुटला. मागचा पाय उचलला गेला. गाडीखालून निघालो आणि दोन्ही हातांनी पाइप धरून बसलो. जीप उभी होती शेजारीच, नवीन काचेची.

आता बास. कॅन भरताना त्यात बॅटरीचं ॲसिड ओतलं. रंग नाही, कळणार नाही. टपात हात घातला की चुरचुरेल. जन्माची अद्दल घडू दे त्याला.

१६ एप्रिल

कॅन अर्धा.

भरतचे हात दोनदा निरखले. काहीच नाही. "काय बघताय भाऊ, भविष्य?" म्हणाला. हसला. मला हसू आलं नाही.

१७ एप्रिल

सकाळी आई दुकानाच्या पायरीवर बसलेली. कळशी आडवी. पावलांवर, बोटांवर लाल चट्टे.

"नवनाथ, मागं लिंब लावलाय म्या. तू चिडशील म्हनून बोलले न्हाई. तुझ्याच कॅनातलं पानी घालत व्हते. कालपास्नं पानं करपली बग. पान्यात काय व्हतं रं?"

काट्यांच्या आत हातभर रोप. बुडाला हात लावला तर माझीही बोटं चुरचुरली.

आईचे पाय धुवायला पाणी भरतनेच आणलं. अख्खा टप उचलून.